उलार

आमच्या घरासमोरच्या कडुनिंबाखाली गेली सहा वर्षे एक पिकअप उभी असते. गाडी आमची नव्हे. ती आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांची. परंतु बंधू अकाली गेले, चिरंजीव आमच्याच घरात लहानाचे मोठे झाले, त्यामुळे गावात तिला 'हेडमास्तरांची गाडी' असेच म्हणतात. आणि खरे सांगायचे तर ते ऐकून आम्हांस वाईट वाटत नाही. ज्याने आयुष्यभर सायकलीवरून शाळा गाठली, त्याच्या नावावर लोकांनी परस्पर चार चाके चढविली तर त्याने तक्रार का करावी? या गाडीवरून गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडले त्यात आमची स्वतःचीही चूक होती. ती वाचकांपुढे मांडावी, म्हणजे इतरांच्या अंगणातील गाड्यांना तरी तिचा उपयोग होईल, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहोत.

आमचे उटनूर आदिलाबाद जिल्ह्यातले. सभोवती डोंगर, सागाचे रान, मधून मधून कपाशीची काळी जमीन आणि पावसाळ्यात अचानक फुगणारे ओढे. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा या जिल्ह्यातले किनवट व राजुरा हे तालुके पलीकडे मुंबई राज्यात गेले आणि आमची मराठी कुटुंबे अलीकडेच राहिली. पुढे २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तरी उटनूरचे नाते आदिलाबादशीच कायम राहिले. कापूस विकायचा तर सुमारे पन्नास किलोमीटरांवरचे आदिलाबादच गाठावे लागते. गोंड, कोलाम, लंबाडा, तेलुगू, उर्दू, मराठी अशा सर्वांचा कापूस अखेर त्याच बाजारात एका ढिगाला लागतो.

आमच्या बालपणी हा प्रवास बैलगाडीने होत असे. दुसरे वाहन म्हणजे सरकारी जीप. ती आली की मुले तिच्या धुरामागे पळत आणि वडीलधारी माणसे घरात शिरत. विलिज जीपची जुळणी १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत सुरू केली होती, पण आमच्या लेखी जीप म्हणजे जंगल खाते, एवढाच तिचा अर्थ होता. त्यानंतर मॅटॅडोर आली, टेम्पो आला. 'टेम्पो' हे मुळात एका कारखान्याचे विशेषनाम. ते मराठीत सामान्यनाम होऊन बसले, ही गोष्ट व्याकरणाच्या तासाला आम्ही आजही सांगतो. आता पिकअपचे दिवस आहेत. पुढे दोन-तीन माणसांची बैठक, मागे उघडा हौदा. सकाळी खताची पोती, दुपारी सिमेंट, संध्याकाळी नवरदेव. शेतकऱ्याच्या घरात बैलजोडीची जागा जर कोणी घेतली असेल तर ती या वाहनाने.

आमच्या चिरंजीवांनी ही गाडी जुनीच घेतली, कर्ज काढून घेतली आणि कष्टाने चालविली. कापसाच्या हंगामात हौदा पुरेना, म्हणून त्यांनी मागे जोडण्याची एक दोनचाकी ट्रॉली केली. हिशेब नीट लागला होता. कर्जाचे हप्ते वेळेवर जात होते. आणि गेल्या ज्येष्ठात, ऐन पावसाच्या तोंडावर, ते आमच्यापुढे येऊन म्हणाले, "मोठे बाबा, गाडी उचलून घ्यायची म्हणतो."

मराठीचे एम.ए. असल्याने 'उचलणे' या क्रियापदाच्या सर्व छटा आम्हांस अवगत आहेत, आणि त्यातली एक पोलीस ठाण्याशी निगडित आहे. आमच्या चेहऱ्यावरची शंका पाहून त्यांनी खुलासा केला. शहरातल्या एका कारखान्यात गाडीच्या कमानींखाली ठोकळे घालून, वर दोन जादा पाटे चढवून आणि मोठे टायर बसवून तिचे अंग पाच-सहा इंचांनी वर उचलून देतात. मग चिखल नाही, ओढा नाही, दगड नाही. गाडी वरून निघून जाते. ओढण्याची ताकद वाढते. "आणि दिसतेही बरी," हे वाक्य त्यांनी सर्वांत शेवटी उच्चारले. मनात ते सर्वांत आधी आले असावे असा आमचा तर्क आहे. त्यांच्या मोबाइलवर तशा गाड्यांची चित्रे आम्ही पाहिली होती. चाके माणसाच्या कमरेएवढी, आणि वर गाडी जणू पाण्यात उतरताना लुगडे वर खोचून घेतलेली बाई.

त्या वेळी आम्ही काय करावयास हवे होते? चार जाणत्यांना विचारावयास हवे होते. ते न करता आम्ही होकार दिला. नव्हे, आमच्या बचतीतून वीस हजार रुपयेही दिले. कारण सांगताना संकोच वाटतो, परंतु लपविण्यात अर्थ नाही. शाळेच्या फाटकावरून 'हेडमास्तरांची गाडी' इतरांच्या गाड्यांहून वीतभर उंच जाताना दिसेल, हा विचार आमच्या मनात त्या क्षणी डोकावून गेला होता. विद्यार्थ्यांना विनयावर निबंध लिहावयास सांगणाऱ्या माणसाच्या मनातही असे कोपरे असतात.

आठ दिवसांनी गाडी आली. चिरंजीवांचा एकंदर खर्च आमच्या वीस हजारांच्या दुपटीहून अधिक झाला होता. गल्लीतली मुले जमली, फोटो निघाले. आम्ही पुढच्या आसनावर चढून बसलो आणि शेजाऱ्यांच्या कुंपणापलीकडचे अंगण आम्हांस प्रथमच दिसले. आईने मात्र दारातूनच पाहिले आणि म्हणाली, "मला काय अंबारीत बसवता का रे?" सर्व हसले. आम्हीही हसलो.

आमची आई ऐंशीच्या घरात आहे. चालते, स्वतःचे स्वतः करते. पण गुडघे धरलेले. तिच्या बाहेर जाण्याची सारी ठिकाणे याच गाडीशी बांधलेली होती. महिन्यातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, सोमवारी महादेवाला, अधूनमधून भाचीकडे. नातू दार उघडी, ती पायरीवर डावा पाय ठेवी, दांडा धरी आणि बसे. गाडी उंच झाल्यावर पहिल्या वेळी तिला खाली लाकडी पाट ठेवून, दोघांनी धरून वर बसविले. दुसऱ्या वेळी तिच्या नातसुनेने मागून आधार दिला. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "आज गुडघे धरलेत. तुम्ही जा." त्यानंतर ती तेच म्हणत राहिली. श्रावण गेला, महालक्ष्म्या झाल्या, दसरा झाला. सोमवारचा महादेव सुटला. भाचीकडचे बारसे सुटले. आम्ही वयाला दोष दिला, हवेला दिला, एका डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांना दिला. गाडीचा विचार आमच्या मनात आला नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कोणाचाही उपमर्द न करता मागे सरण्याची एक रीत ठाऊक असते. आपल्यामुळे कोणाच्या हौसेला उणेपणा येऊ नये म्हणून ती आपल्याच गुडघ्यांवर आळ घेत होती.

पुढे मार्गशीर्ष उजाडला. हौद्यात कापूस, मागे ट्रॉलीत कापूस, असे भरून चिरंजीव पहाटे आदिलाबादला निघाले. इंद्रवेल्लीच्या अलीकडे एका उतारावर ट्रॉली शेपटीसारखी हलू लागली. आधी थोडी, मग अधिक. त्यांनी ब्रेक दाबला, तशी ती आणखीच झोकांडली. गाडीची मागची चाके जमीन धरीनात. समोरून एक बैलगाडी येत होती. गाडीवान वयस्क गोंड गृहस्थ होते. त्यांनी प्रसंग ओळखून बैल रस्त्याखाली उतरविले. क्षणात ट्रॉली हुकातून निसटली, कडेच्या चरात आडवी झाली आणि पांढऱ्या कापसाने चर भरून गेला. माणसाला इजा नाही, बैलांना नाही. पण ते बैल चार पावले उशिरा उतरले असते तर काय झाले असते, या विचाराने चिरंजीवांचे हात संध्याकाळपर्यंत कापत होते. त्या गृहस्थांनी बैल सोडून झाडाला बांधले आणि दुपारपर्यंत कापूस गोळा करू लागले. मोबदला म्हणून त्यांनी फक्त चहा घेतला.

त्या रात्री आमच्या माजघरात कोणी फारसे बोलत नव्हते. मातीने माखलेला कापूस पडवीत पडला होता आणि त्याला काय भाव येणार हे सर्वांना ठाऊक होते. चिरंजीव सर्व हकिकत आजीला सांगत होते. ती वाती वळीत होती. मध्येच तिने विचारले,

"दांडी वर होती का खाली?"

"कसली दांडी, आजी?"

"तुझ्या मागल्या गाडीची रे. तोंड वर होतं का?"

चिरंजीवांनी आठवून सांगितले की होय, गाडी उचलल्यापासून हूक वर गेला आहे, त्यामुळे ट्रॉलीचे तोंड वरच असते.

"आणि कापूस?"

"मागे जास्त होता. पुढे हौदा आडवा येतो म्हणून."

आजीने हातातली वात पुरी केली आणि म्हणाली, "मग उलार झाली ना गाडी."

हा शब्द आम्ही कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. शहरी वाचकांसाठी सांगतो. बैलगाडीत ओझे चाकांच्या मागे अधिक पडले की पुढची दांडी वर उचलू लागते, जू बैलांच्या मानेवरून वर सुटू पाहते आणि गळ्याखालचे पट्टे त्यांना आवळू लागतात. अशी गाडी ती उलार. उलार गाडी चढावर ओढवत नाही आणि उतारावर आवरत नाही. उलट ओझे फार पुढे आले तर बैलांची मान दबते. म्हणून भरणारा माणूस ओझे चाकांच्या किंचित पुढे ठेवतो, म्हणजे जू मानेवर हलकेच टेकून राहते. आमची आई गाडीवानाची मुलगी. ती दहा वर्षांची असताना कडबा भरून झाला की तिचे वडील तिला दांडी उचलून पाहावयास सांगत. पोरीला उचलता आली पण थोडी जड लागली, तर भरण बरोबर.

एम.ए.च्या परीक्षेत आम्हांस 'उलार' शब्दाची व्युत्पत्ती विचारली असती तर काही तरी लिहून आलो असतो. त्याचा अर्थ मात्र आम्हांस त्या रात्री कळला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही आमच्या गणिताच्या शिक्षकांना थांबवून घेतले. चिरंजीव त्याच वर्गात, एकेकाळी ज्या बाकावर बसत त्याच बाकावर, अवघडून बसले. गुरुजींनी फळ्यावर ट्रॉली काढली. समजा, ते म्हणाले, ओझे हजार किलो आहे. चाकांच्या आसापासून हुकापर्यंतचे अंतर अडीच मीटर, आणि ओझ्याचा मध्य आसाच्या २५ सेंटिमीटर पुढे. तर हुकावर १०० किलो भार येतो, म्हणजे एकंदर ओझ्याचा दहावा भाग. ट्रॉली ओढण्यास साधारण एवढा भार योग्य समजतात. आता हूक १५ सेंटिमीटर वर उचला. ट्रॉली मागे कलते. कापसासारखे ओझे उंच रचलेले असते. त्याचा मध्य आसापासून दीड मीटर उंच धरला तर तो सुमारे ९ सेंटिमीटर मागे सरकतो. हुकावर उरतात ६४ किलो. यात कोणी कापूस मागच्या बाजूस अधिक भरला तर हे ६४ किलो सहज शून्यावर येतात. मग ट्रॉली खाली दाबण्याऐवजी गाडीचा मागचा भाग वर उचलू लागते. मागची चाके जमीन सोडू पाहतात, आणि शेपटी हलू लागते. "आजींनी एका शब्दात सांगितले तेच मी फळाभर लिहिले," असे म्हणून गुरुजींनी खडू ठेवला.

पण चिरंजीवांचे समाधान होईना. ताकद तर वाढली असेल? गुरुजींनी दुसरे चाक काढले. टायरचा व्यास ७० सेंटिमीटरांचा ७७ केला, म्हणजे दहा टक्के वाढ. इंजिन तेच, गिअर तेच. चाकाची त्रिज्या वाढली म्हणजे जमिनीवर पडणारा ओढ अकरातील एका हिश्श्याने घटला. म्हणजे ताकद वाढली नाही, कमीच झाली. भरीस भर, वेग दाखविणारा काटा ५० दाखवितो तेव्हा गाडी खरोखर ५५ने धावत असते, आणि ब्रेकांना मोठे, जड चाक थांबवावे लागते. इंजिनाकडून मागच्या आसाकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आता अधिक वाकड्या कोनात फिरतो, म्हणून त्याच्या सांध्यातले क्रॉस लवकर झिजतात. आमच्या चिरंजीवांनी सहा महिन्यांत दोनदा क्रॉस बदलले होते. दोष मात्र ते क्रॉस विकणाऱ्या दुकानदाराला देत होते.

"आणि दगड?" आम्ही विचारले. निदान तेवढे तरी पदरात पडावे अशी आमची इच्छा होती. त्यावर गुरुजींनी जे दाखविले ते आम्हांस सर्वांत विलक्षण वाटले. अशा गाडीचे जमिनीला सर्वांत जवळचे अंग म्हणजे मागच्या आसाच्या मध्यावरचा लोखंडी गोळा, डिफरन्शियल. वाटेतला दगड प्रथम त्यालाच लागतो. हा गोळा कमानींच्या खाली, चाकांच्या मध्यावर असतो. कमानींवर कितीही पाटे चढवा, ठोकळे घाला. वर जातो तो हौदा आणि माणसे. गोळा जेथल्या तेथे राहतो. त्याला वर नेतो फक्त टायर, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्याने. ७०चे ७७ केले तर साडेतीन सेंटिमीटर. चाळीस हजारांहून अधिक रुपये खर्चून आमच्या गाडीने दगडांपासून मिळविलेले संरक्षण दोन बोटे रुंदीचे होते!

कलंडण्याचे गणित तर सातवीतला मुलगाही करील. दोन चाकांमधले अंतर १४० सेंटिमीटर धरा; त्याचे निम्मे ७०. गाडीचा भारमध्य जमिनीपासून ८० सेंटिमीटर असेल तर ७० भागिले ८०, म्हणजे सुमारे ०.८७. तोच मध्य ९०वर नेला की ०.७८. हा आकडा जितका लहान, तितकी गाडी वळणावर किंवा आडव्या उतारावर लवकर कलंडणार. वर कापूस रचला की तो आणखी उतरतो. केरामेरीच्या घाटातली वळणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना याहून अधिक सांगणे नलगे.

कायद्याचे कलम आम्हांस नंतर समजले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार, नोंदणीपुस्तकातला तपशील आणि कारखान्याने मुळात ठरविलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये एका निकालात हा नियम पुन्हा ठामपणे सांगितला. त्यातून आमची गाडी मालवाहू. तिला योग्यतेची तपासणी चुकत नाही. आणि अशा बदललेल्या गाडीचा अपघात झाला, तर विम्याच्या भरपाईवरून वाद निघण्यास आपणच निमित्त पुरविलेले असते. त्या उतारावर बैलगाडी वेळेत खाली उतरली नसती तर हे कलम आम्हांस घरी बसून नव्हे, न्यायालयात उभे राहून वाचावे लागले असते.

ही हौस आमच्याच मुलांची आहे असे कोणी समजू नये. ज्या अमेरिकेत पिकअप घरोघर असते तेथेही हे वेड आहे. गाडीचे नाक वर आणि पाठ खाली अशी एक तऱ्हा तेथे इतकी बोकाळली, की नॉर्थ कॅरोलायना राज्याने १ डिसेंबर २०२१ पासून ती कायद्याने बंद केली. नाक वर गेले की चालकाला पुढचा रस्ता दिसत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांत दिवे जातात. तेथेही उंच गाडीने ट्रॉली ओढणारा शहाणा माणूस हूक मात्र खाली वाकविलेला वापरतो, म्हणजे दांडी समतल राहते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही जळून बोलतो असे होईल. उंचीला स्थान आहे. पुराच्या पाण्यातून माणसे काढणारी गाडी, रानातल्या वाटांवर रिकामी फिरणारी गाडी, यांचे पोट उंच असलेले बरे. मोठ्या चाकाचाही गुण आहे, आणि तो आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. बैलगाडीचे चाक उगाच छातीएवढे नसे. मोठे चाक खाचखळग्यात कमी बुडते आणि चिखलातून सुखाने निघते. मात्र गाडी करणारा सुतार चाक मोठे करताना बैलाची मानही पाहत असे. जू, दांडी आणि साटी ही त्याच्या हिशेबात एकत्र येत. आमच्या चिरंजीवांच्या गाडीचे अंग एकाने उंच केले, ट्रॉली दुसऱ्याने केली होती, भरण तिसऱ्याने केले आणि पैसे चौथ्याने, म्हणजे आम्ही दिले. सर्व मिळून गाडी कशी होईल हे विचारणारे कोणीच नव्हते. विचारू शकणारे माणूस माजघरात वाती वळीत होते, आणि त्याला गाडीत चढताच येत नव्हते.

ही शेवटची गोष्ट आम्हांस कळली ती अशी. ठोकळे काढावयाचे ठरले त्या संध्याकाळी आई सहज बोलून गेली, "बरं झालं. आता महादेवाला जाता येईल." चिरंजीवांनी चमकून विचारले, "आजी, तू गुडघे दुखतात म्हणायचीस ना?" ती म्हणाली, "दुखतातच की. पण ते आधीही दुखायचे." आम्ही दोघेही खाली पाहत राहिलो. सहा महिने एक वृद्ध स्त्री घराच्या उंबऱ्याआड राहिली होती, आणि त्यातले वीस हजार रुपये आमचे होते.

गाडी पूर्ववत झाली. त्यालाही पैसे पडले. मोठे टायर निम्म्या किमतीला गेले. त्याऐवजी जे केले ते चारचौघांच्या उपयोगाचे म्हणून नोंदवितो. जुन्या कमानींतले मोडके पाटे बदलले, कारण गाडी खाली बसते ती बहुधा कमानी थकल्यामुळे. मूळ मापाचेच, पण चिखलासाठी खोल नक्षीचे टायर घेतले. हुकाची उंची अशी बेतली की भरलेली ट्रॉली समतल उभी राहावी. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बसविला, हुकाला सुटल्यास धरणारी साखळी लावली आणि ओझे आधी खाली व पुढे, मग वर, असा भरण्याचा क्रम ठरविला. ओढ्याला पाणी असेल तर आधी माणूस उतरून पाणी पाहतो. ते फार असेल तर गाडी थांबते. वर्षातून असे तीन-चार दिवस येतात. त्या तीन-चार दिवसांसाठी उरलेले सर्व दिवस उंचावर काढावयाचे का, हा प्रश्न आम्ही ज्येष्ठातच विचारावयास हवा होता.

पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. आई यंदा आली. पायरीवर डावा पाय ठेवून, दांडा धरून, कोणाच्याही मदतीवाचून ती पुढे बसली. मेश्रामांच्या बैलगाड्या वडांखाली सुटलेल्या होत्या, दांड्या जमिनीवर टेकलेल्या. आई त्यांच्यामधून काठी टेकीत बराच वेळ हिंडली. एका गाडीपाशी थांबून तिने साटीवर हात ठेवला, आणि आत बसलेल्या गोंड म्हातारीशी ती काही बोलली. एकीची गोंडी, दुसरीची मराठी. परंतु दोघी हसत होत्या.

हंगाम अजून संपलेला नाही. पहाटे ट्रॉली भरून झाली की चिरंजीव ती हुकाला लावण्याआधी दारात येऊन हाक मारतात, "आजी, बघतेस का गं?" आई पदर खोचून बाहेर येते, दोन्ही हातांनी दांडी धरते आणि थोडीशी उचलून पाहते. कधी म्हणते, "दोन गाठोडी पुढं घे." कधी काही न बोलता आत जाते. मग गाडी निघते.